सहा नळ्या, सात नळ्या

एल आल्तोची हवा विरळ आहे.
खालून आलेला पाहुणा चार पायऱ्यांत भिंतीला टेकतो,
आणि आम्ही त्याच हवेतली थोडी वाचवून
बांबूत फुंकतो.

शनिवारी, टायरच्या दुकानामागे,
गिलावा न लागलेल्या विटांच्या अंगणात
दोन एर्मोहेनेस सिकू वाटायचे.
उजव्या हातात सहा नळ्यांची इरा,
डाव्या हातात सात नळ्यांची आर्का.
"गाणं एकच आहे, पण तोडून दोघांत वाटलंय.
एक सूर ह्याच्याकडे, तर पुढचा हिच्याकडे.
भांडलात, तर गाणं उपाशी."

माझ्या जोडीला विल्मेर आला.
मी नाक मुरडलं.
विल्मेरचं पहिलं अक्षर ओठांतच अडायचं,
हजेरीला तो "प्रे... प्रे..." म्हणेपर्यंत
बाई तीन नावं पुढे गेलेल्या असायच्या.

दोन महिने आम्ही भांडणच वाजवलं.
त्याचा सूर उंबऱ्याबाहेर पडायच्या आत
माझा त्याच्या पायावर पाय.
एर्मोहेनेस ढोल थांबवायचे:
"योसेलिन, दम धर.
गप्प राहणं हेही तुझंच वाजवणं."
आणि विल्मेरला, हळूच:
"आधी हवा जाऊ दे. सूर मागून येतो."
मला राग यायचा.
आमच्या घरी, पाच भावंडांत,
गप्प राहणाऱ्याला बटाटा उरत नाही.

मग जूनमध्ये एकदा,
बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय, बोटं बधिर,
त्यानं फुंकलं, मी थांबले,
माझी जागा आली
आणि मी तिथे होते.
एवढंच.
दोघांनाही गरगरलं. आम्ही विटांवर बसलो
आणि उगाच हसत सुटलो.

ऑगस्टात तो यायचा बंद झाला.
मी एकटीनं आर्का वाजवून पाहिली.
दात पडलेलं हसू नुसतं.
एर्मोहेनेस काही बोलले नाहीत,
ढोलाचं कातडं आवळत बसले.

सापडला तो सेहाच्या चौकात,
काकाच्या मिनीबसच्या दारात लटकलेला.
थांब्यांची नावं पुकारायचं काम.
"पे... पे..."
तोवर शेजारची बस भरून उतारालाही लागलेली.
काकानं काचेतून थुंकून सांगितलं,
उद्यापासून दुसरा पोरगा येईल.

मी आत चढले. मागच्या सीटवर बसले.
विल्मेरनं मला पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं.
आधी हवा गेली. मग आलं:
"पेरेस!"
मी मागून, "प्रादो!"
"सान पेद्रो!"
"ओब्राहेस!"
त्यानं वळून पाहिलं नाही. गरज नव्हती.
कोबीचं गाठोडं पाठीवर घेतलेली एक बाई
हसत हसत चढली, तिच्यामागे दोन शिपाई,
आणि काकानं भाड्याचे सुटे पैसे मोजता मोजता
मला फुकट खाली नेलं, फुकट वर आणलं.

स्पर्धेत आम्ही नववे आलो.
बारा पथकं होती.

त्याचं अडखळणं गेलं, असं मी म्हणणार नाही.
तापात येतं, पोलिसासमोर येतं.
माझी घाईही कुठे गेलीय?
फक्त पातेलं फिरतं तेव्हा आता
मी माझी पाळी येऊ देते
आणि मग स्पष्ट म्हणते, इकडे.
थोरला भाऊ चमकून बघतो, पण देतो.

विल्मेर आता एकटाच पुकारतो.
पण सवय लागलेली,
एक थांबा म्हणतो, एक सोडतो,
"पेरेस!" आणि मग मोकळी जागा,
सहा नळ्यांच्या माणसाची.
काल मी फुटपाथवरून ऐकलं.
मी तोंड उघडणार, इतक्यात
रांगेतली एक म्हातारी, ओळख ना पाळख,
टोपी सावरत ओरडली,
"प्रादो!"